सरूबाईचं झबलं

सरूबाई पहिल्यांदा शिवणवर्गात आली तेव्हा बसायच्या आधीच तिनं माझ्या टेबलावरची कात्री उचलली. काखेतून एक नवंकोरं पोपटी लुगडं काढलं, घडीसकट टेबलावर टाकलं आणि मधोमध कात्री चालवली. मी "अहो, अहो" करत उठेपर्यंत वीतभर कापून झालं होतं. ओट्यावर बसलेल्या सगळ्या बाया सुया हातात धरून बघत राहिल्या. ते लुगडं तिच्या भावानं दिवाळीला घेतलेलं होतं आणि तिनं ते एकदाही नेसलं नव्हतं, हे मला मग कळलं.

"निदान माप तरी घ्यायचं," मी म्हणाले.

"माप कायचं वो बाई? लेकरू केवढं असते थे मले मालूम नाही का?" दोन्ही हात छातीशी आडवे धरून तिनं मला दाखवलं. "एवढं असते."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिवणकामाची परीक्षा पास होऊन मी शेलूबाजारला मामाकडे राहायला आले होते आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बायकांसाठी सरकारी योजनेतला शिवणवर्ग चालवत होते. वर्ग रस्त्याला लागूनच होता. एसटी गेली की धुरळा उडायचा आणि पांढरं कापड मातकट व्हायचं. दोन पायमशीनी होत्या. माझी शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी जुन्या वर्तमानपत्रांवर कापायला शिकायचं, मग धावदोरा, तुरपाई, काजं-बटणं, आणि हात बसला की मशीन. मी स्वतः तशीच शिकले होते आणि दुसरी कुठली रीत असू शकते असं मला वाटतच नव्हतं.

सरूबाईनं ती रीत पहिल्याच दिवशी मोडली. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मोठी बाई. रोज शेतातल्या निंदणाहून परस्पर वर्गात यायची, पायाची माती वाळलेली नसायची. "लेक पोटुशी हाय, मेडशीले देली. थिच्या लेकरासाठी झबलं पायजे," तिनं सांगून टाकलं. "बाकी मले काहीच शिकाचं नाही."

मी तिच्यापुढं वर्तमानपत्र ठेवलं. तिनं ते उलटून पाहिलं आणि त्यावर आणलेली भाकर ठेवून खायला बसली. "कागदाचं झबलं कोन घालते, बाई?"

तिच्यासारखी घाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि पुढंही पाहिली नाही. मशीनवर बसली की ती पाय असे मारायची की मशीन ओट्यावर सरकायची. दोरा तुटला की ओवायच्या आधीच चाक फिरवायची. "चाल वो, तुले का झालं?" असं मशीनला दटावायची. तिचं पहिलं झबलं झालं तेव्हा त्याचा गळा शिवला गेला होता. दुसऱ्याची एक बाही आतल्या अंगाला लागली. तिसरं तर ती अभिमानानं दाखवायला उठली आणि पदराला हिसका बसून परत मशीनवर ओढली गेली. तिनं झबल्याबरोबर स्वतःचा पदरही शिवून टाकला होता. बाया हसून लोळल्या. ती मात्र हसलीही नाही आणि चिडलीही नाही. कात्रीनं पदराचा तेवढा तुकडा कापून मोकळी झाली.

"अहो, उसवायचं होतं," मी अक्षरशः कपाळावर हात मारला.

"उसवाले नोको सांगू, बाई. मांगं जानं मले जमत नाही. दुसरं शिवू."

असं करत करत त्या पोपटी लुगड्याचा निम्मा भाग चिंध्या झाला. पण हळूहळू तिच्या शिवणीला ओळ येऊ लागली. एक दिवस झबलं जमलं. गळा थोडा मोठा होता, पण चारही बाजू धड होत्या. तिनं ते उचलून आपल्या पोटावर धरलं आणि खाली मान घालून बघत राहिली. मला वाटलं, लेकीच्या बाळाचा विचार करत असेल.

समोर कमल बसली होती. किराणा दुकानदाराची बायको. वर्गात तिचा हात सगळ्यात साफ होता आणि जीभ सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "सरूबाई, आजकाल तुमी लुगडं लय वर बांधून राह्यल्या."

"बांधीनच नं," सरूबाई म्हणाली. "मले दिवस गेले. पाचवा लागला."

ओट्यावरच्या दोन्ही मशीनी एकदम थांबल्या. माझ्या हातातला खडू खाली पडला. जिची लेक बाळंतपणाला आली आहे, ती बाई भर वर्गात हे असं सांगत होती. आवाज खाली नाही, नजर चोरलेली नाही.

पण खरा धक्का पुढंच होता. कमल दोरा दातांनी तोडून म्हणाली, "दौलतचं तं आपरेशन झालं नं? शिबिरातली बादली तुमच्या दारात टांगून हाय. मंग हे कोनाचं?"

दौलत म्हणजे सरूबाईचा नवरा. सहा महिन्यांपूर्वी गावात नसबंदीचं शिबिर झालं होतं. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांना लोखंडी बादली मिळाली होती, त्यामुळं कुणाकुणाचं झालं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी कमलला उठून घरी जायला सांगितलं. जिच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, त्या सरूबाईनं नुसती झबल्याची घडी घातली, कमरेला खोचली आणि चपला घालून निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दारात ती बादली खरंच टांगलेली होती. आत लेक विमल भिंतीला टेकून बसली होती, दिवस भरत आलेले, डोळे रडून सुजलेले.

"पहिल्या बाळंतपनाले मायकडं आली मी," विमल मला म्हणाली. "आन् इथी मायच पोटुशी. सासरी का सांगू मी? मायलेकी संगंच बाळंतीन होऊन राह्यल्या म्हनून?"

"सांगजो," सरूबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "खोटं हाय का त्याच्यात?"

"लोक काय काय बोलून राह्यले, तुले समजते का?"

"समजते नं. कानानं बहिरी नाही मी."

मी विचारलं, "सरूबाई, मग लेकीच्या बाळासाठी म्हणून का सांगितलं?"

तिनं लाकूड आत सारलं. "थिच्यासाठी बी शिवनारच होती. पन पयलं याच्यासाठी. मले चार झाले, बाई. ही एकच जगली. तिघं फडक्यात आले आन् फडक्यातच गेले. एकाच्याही आंगावर शिवलेलं कापड चढलं नाही. तवा शिवाले येत नव्हतं, आन् कोनाले म्हनाव शिवून दे? याच्या आंगावर मी शिवलेलंच घालीन. मंग जगो नाही तं मरो." मग म्हणाली, "थे आपरेशन त्यानं कायले केलं मालूम हाय का? मले म्हने, तुह्या कुशीतून पुन्हा मेलेलं लेकरू उचलनं आता माह्यानं होत नाही."

विमल रडायची थांबली. हे तिलाही माहीत नसावं. मी घरी आले ती सुन्न होऊन. इतके दिवस मला जी घाई वाटत होती, तिच्या मागं हे होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला आणि थोड्या वेळानं ओट्याच्या पायरीशी दौलत येऊन उभा राहिला. बायकांच्या वर्गाकडं पुरुष फिरकत नसत. हा माणूस रस्त्यानं जाताना जयभीम घालण्यापलीकडं कुणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. डोक्याला गुंडाळलेलं टापर सोडून त्यानं हातात धरलं.

"जयभीम, बाई. एक सांगाचं होतं. मी नर्सबाईले इचारून आलो. आपरेशन झाल्यावर तीन महिने जपा लागते, थे मले कोनी सांगतलं नव्हतं. लेकरू माहं हाय. ज्याले पुसाचं हाय त्यानं मले पुसाव. थिले पुसू नोका."

नवरा-बायकोतली गोष्ट एका गड्यानं वीस-पंचवीस बायांसमोर अशी सांगितली, यावर माझा विश्वास बसत नव्हता. कमलची मान खाली गेली होती. दौलतच्या मागून सरूबाईचा आवाज आला, "झालं का बोलून? सरका मंग. मले मशीनवर बसू द्या, दुसरं झबलं शिवाचं हाय."

त्यानंतर गावातली कुजबूज थांबली असं नाही, पण तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. विमलला मुलगा झाला. त्याच्यासाठी सरूबाईनं तीन झबली शिवली, उरलेल्या लुगड्याची टोपडी केली. उसवायचं मात्र ती शेवटपर्यंत शिकली नाही. बिघडलं की म्हणायची, "राहू द्या. हे बाहुलीले होईन."

तिला कळा सुरू झाल्या तेव्हा दौलतनं बैलगाडी जुंपली नाही. रस्त्यावर उभं राहून एक मालट्रक थांबवला आणि तिला मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर कापड मांडत होते. कमल धावत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, तिला भान नव्हतं.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

मी हसले.

"सरूबाई गेली, बाई. रगत थांबलं नाही."

मी हसणं थांबवायलाही विसरले. गावात बाळंतिणी दगावत नव्हत्या असं नाही. पण सरूबाई एवढी खणखणीत होती की तिच्या बाबतीत ही शंका माझ्या मनाला शिवलीच नव्हती. बाळ जगेल की नाही एवढीच काळजी आम्ही करत होतो.

सरूबाईच्या घरी गेले तेव्हा अंगणात वस्तीतली माणसं जमली होती, त्रिसरण चाललं होतं. आत विमल भिंतीला टेकून बसली होती. तिचा मुलगा बाजूला झोपला होता आणि तिच्या छातीशी तिची बहीण पीत होती. पोरीच्या अंगात पोपटी झबलं होतं. गळा मोठा झाल्यामुळं ते एका खांद्यावरून उतरलं होतं, आणि विमल दर थोड्या वेळानं ते वर सारत होती. पुढं ती दोन्ही लेकरं घेऊन मेडशीला गेली. सासरी काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

दौलत अधूनमधून एसटीनं मेडशीला जायचा. पावसाळा संपता संपता तो एकदा पुन्हा ओट्याच्या पायरीशी आला. हातात ते झबलं होतं, धुऊन घडी घातलेलं.

"हे आता होत नाही पोरीले. मोठं कसं कराव लागते, सांगा."

"द्या इकडं, मी नवं शिवून देते," मी म्हणाले.

"शिवून नोको. शिकवून द्या. पोट्टी वाढतच राहीन, मी किती खेपा तुमच्याकडं येऊ?"

तेवढ्यात कमल आपलं काम अर्धवट सोडून मशीनवरून उठली आणि स्टूल पदरानं पुसून बाजूला झाली. दौलत ओट्यावर चढला, बायांकडं न बघता बसला. त्यानं भेगाळलेला पाय मशीनच्या पायट्यावर ठेवून दाबला. चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

"पुन्हा ओवून द्या, बाई," तो म्हणाला.