बेस गिटारीवरचा शेवटचा हात

मिस्त्री लाकडावर रागवायचे. स्क्रूवर, रेडिओवर, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यावर रागवायचे आणि उरलेला दिवस माझ्यावर. भाईंदर पूर्वेला एका पत्र्याच्या गाळ्यात ते इलेक्ट्रिक गिटार बनवायचे. शेजारी स्टीलचे डबे ठोकायचं मशीन होतं, त्याच्यावरूनही त्यांचा आवाज ऐकू यायचा. आजूबाजूचे त्यांना मागून ‘भडका’ म्हणत. समोर सगळे मिस्त्रीच.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी त्यांच्याकडे पॉलिशला लागलो. सातवीत शाळा सुटलेली, घर नांदेडकडे, बायको आणि मुलगी तिथेच. आमच्या गावात आवाज चढला की पुढे काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे कुणी ओरडलं की मी दाराकडे बघायचो. सुरुवातीला रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या काही आपण इथे दिसत नाही. मग कळलं, त्यांची शिवी कामाला असते, माणसाला नसते. “हा काय थर दिलास? म्हशीला चिखल लागलाय,” असं म्हणायचे आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवायचे. मोरवा गावातल्या घरून काकी, म्हणजे मिस्त्रींची बायको, भाकरी आणि सुकट पाठवत, दोघांचं एकाच डब्यात. माझं वेगळं बांधावं हे त्या बाईच्या मनातच आलं नाही. मला मात्र पहिला घास गिळायला वेळ लागला होता.

गिटारीच्या दांडीवर पितळी पट्ट्या ठोकतात. त्यांची टोकं घासून बोथट करावी लागतात, नाहीतर वाजवणाऱ्याचा तळहात सोलतो. मिस्त्री ती टोकं डोळ्यांनी तपासत नसत. काकींच्या जुन्या पातळाचा एक तुकडा ते दांडीवरून वरखाली ओढायचे. एक जरी धागा अडकला तरी कानस माझ्या हातात. “डोले मिट आन् घास. डोले लय खोटं बोलतात,” म्हणायचे.

भाईंदरच्या हवेशी त्यांचं कायमचं भांडण. मिठागरांवरून दमट वारा आला की लॅकरवर पांढरट साय धरायची, सगळं खरवडून पुन्हा करावं लागायचं. वाडवडिलांनी त्याच मिठागरात आयुष्य काढलेलं, तरी हे दारात उभे राहून खाडीला शिव्या घालायचे. एकदा गाळ्याच्या मालकानं टोकलं, मिस्त्री, खाडी काय ऐकणार आहे का? तर म्हणाले, ती ऐकंल न ऐकंल, मी बोलनार.

त्यांच्या गाळ्यात एक रीत होती. नव्या वाद्याला तारा चढल्या की ज्याचा शेवटचा हात पॉलिशवर फिरला, त्यानंच पहिली तार छेडायची. गिऱ्हाइकानं नाही, वाजवणाऱ्यानं नाही, मिस्त्रींनीसुद्धा नाही. मिस्त्री बाजूला हाताची घडी घालून उभे राहात. हे त्यांना कुणी शिकवलं ते कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा, काम कर, एवढंच उत्तर मिळालं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एका ऑर्केस्ट्रावाल्याचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार, तयार होत होता. मोठं गिऱ्हाईक. आणखी चार ऑर्केस्ट्रे त्याच्या शब्दावर चालायचे. जुन्या सागवानी दरवाजातून अंग कापलेलं. मी त्यावर थरावर थर दिले, पाण्याच्या पॉलिश-पेपरनं घासले, पुन्हा दिले. दांडीच्या पाठीला मात्र मिस्त्रींनी लॅकर लावू दिलं नाही, घामेजलेला अंगठा चिकटतो म्हणून. तिथे नुसतं तेल, आणि ते कापडानं नाही, तळहातानं चोळायचं. बेस उजळला तसा मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला. असं काही आपल्या हातून होतंय यावर विश्वास बसेना.

न्यायला आला तेव्हा तो ऑर्केस्ट्रावाला खुशीत होता. मिस्त्रींनी चारही तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि मला पुढे बोलावलं. मी हात पुसत आलो. त्यानं हसत हसत माझं नाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, पूर्ण नाव? तेही सांगितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त बेस त्यानं थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

“तसं काही नाही हो मिस्त्री, मी मानत नाही असलं. पण नवरात्रात देवीसमोर वाजणार ना. पहिला हात आपला असलेला बरा.”

मी मागे सरकलो. कुणी सांगायची गरज नव्हती, पाय आपोआप सरकले. मला फक्त एकच भीती, आता मिस्त्री ओरडतील, गिऱ्हाईक जाईल आणि माझ्यापायी गाळा बसेल.

मिस्त्री ओरडले नाहीत.

“आपला म्हंजे कोनाचा?” त्यांनी विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला, समजून घ्या, तुम्ही-आम्ही एकच वगैरे.

“महिनाभर हा त्यावर हात फिरवतोय. दांडीत तेल मुरलंय ते याच्या तलहाताचं. ते कसं काढू? खरवडू?”

मग त्यांनी बेस त्याच्या हातातून घेतला आणि तारा उतरवायला लागले. मला वाटलं, पक्कड घेऊन तोडतील. नाही. एकेक किल्ली हळूहळू फिरवून सैल केली, कारण तार एकदम सुटली की दांडीला झटका बसतो. त्यांचे कान लाल झाले होते, मानेची शीर उडत होती, आणि बोटं मात्र बाळाचं झबलं सोडवावं तशी चालली होती. शेवटची तार उतरल्यावर म्हणाले, “तुमचा बेस झालेला न्हाय. आन् व्हनार बी न्हाय.”

तो गेल्यावर मी म्हणालो, “मिस्त्री, जाऊ द्यायचं होतं. मला सवय आहे.”

तेव्हा भडका उडाला. शेजारचं मशीन थांबलं, माणसं दारात जमली. “सवय? कसली सवय? लाज न्हाय वाटत सवय सांगताना? लाकडाला पॉलिश करता करता स्वतःला पन करून घेतलंस? तुला राग येत न्हाय का रं?” मी रडत होतो आणि ते ओरडतच होते. मग स्वतःच पुन्हा तारा चढवल्या आणि बेस माझ्या मांडीवर आदळावा तसा ठेवला. मी जाड तार छेडली. आवाज कानाआधी पोटात गेला. बाकावरचे लॅकरचे डबे थरथरले. मिस्त्री म्हणाले, तिसऱ्या पट्टीवर खरखर हाय, घास.

त्या माणसानं सगळ्यांचे कान भरले. ऑर्केस्ट्रेवाले यायचे बंद झाले. बेस पुढे चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका पोरानं नेला. दोनेक वर्षांत गाळा सुटला आणि मी फर्निचरच्या पॉलिशला इंद्रलोक वसाहतीतल्या फ्लॅटांमध्ये फिरायला लागलो. मिस्त्रींनी एकदाही त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. भेटलो की माझ्या नखांतलं पॉलिश बघून शिव्या द्यायचे.

ते गेले तेव्हा दहाव्याला मोरव्यात माणसं जमली होती. गावचे एक पुढारी उठले आणि बोलले, मिस्त्री म्हणजे शांत, देवमाणूस, कुणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानंही. सगळे माना हलवत होते. त्या मंडपात मी परका, शेवटच्या ओळीत, चपलांजवळ बसलेला. चारचौघांत मी जन्मात बोललो नव्हतो. पण माझी कानशिलं तापली, आणि मी उभा राहिलेला मलाच दिसलो.

“खोटं बोलू नका,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. “मिस्त्री रागीट होते. माझ्यासाठी रागावले होते.”

पुढारी माझ्याकडे वळून बघत होते, हा कोण म्हणून. मी बसलो नाही.

काकींनी पदर तोंडावरून काढला. “खरं हाय त्याचं,” त्या म्हणाल्या. “घरान पन तसंच व्हतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू पुढं ये. आन् सगलं सांग यांना.”