चुकीचं घर

त्या सकाळी इस्त्री तापत होती, दूध वर येत होतं आणि शाळेतल्या बाई स्टुलावर उभ्या राहून नव्या ड्रेसचा घेर दुमडून घेत होत्या. खाली गुडघ्यांवर बसलेल्या शिवणवालीच्या तोंडात पाच-सहा टाचण्या. गल्लीत तिला सगळे टाचणीच म्हणत.

“मिस्टरांचं जहाज कुठवर आलं हो?” बाईंनी वरून विचारलं.

“हं,” टाचणी म्हणाली. तोंडात टाचण्या असल्या की एवढ्यावर भागतं. गेली दोन वर्षं ती या ‘हं’वरच निभावून नेत होती. नवरा जहाजावर नव्हता, तुरुंगात होता. मालकाच्या गोदामातला माल परस्पर विकताना सापडला होता. जहाज तिनं स्वतःच बांधलं होतं आणि आता ते बुडवायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

टेबलाशी दहा वर्षांची लेक दुधात पाव बुडवत होती. बाप कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात ठेंगण्याशा, साठीच्या एक मावशी. हातात कापडी पिशवी. ना बिल्ला, ना पाटी. “मी सुट्टीच्या शिबिरातून आले,” त्या म्हणाल्या, आणि तेवढंच म्हणाल्या.

‘शिबिर’ ऐकताच टाचणीच्या लक्षात आलं. चर्चमधल्या बायका दर सुट्टीत मुलांना आठवडाभर डोंगरावर नेत. ज्यांच्या घरचं कुणी तुरुंगात आहे, अशाच मुलांना. तिनंच दोन महिन्यांपूर्वी गुपचूप फॉर्म भरला होता. निघण्याआधी कुणीतरी मुलीला घरी भेटून जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. वाचून ती ते साफ विसरली होती.

“अगं बाई, शिबिर!” स्टुलावरून बाई म्हणाल्या. “माझ्या भाचीला घ्याल? घरात नुसता धुडगूस घालते हो.”

“जागा थोड्या असतात,” मावशी हसून म्हणाल्या.

“मग यादीत नाव लागतं कसं? परीक्षाबिरीक्षा असते की काय?”

मावशींनी टाचणीकडे पाहिलं. लेकीनंही पाहिलं. टाचणीनं एकेक टाचणी तोंडातून काढली.

“तुमचं घर चुकलंय,” ती म्हणाली. “आम्ही कुठल्या शिबिरात नाव दिलेलं नाही.”

“चुकलंच असेल,” मावशी लगेच म्हणाल्या. “चष्मा बदलायला झालाय माझा. माफ करा हं.” आणि ती चूक स्वतःच्या पदरात घेऊन त्या जिना उतरून गेल्या.

बाई गेल्यावर टाचणीनं पाहिलं, तर घेर एका बाजूनं दोन बोटं आखूड टाचला गेला होता.

आतल्या खोलीत लेक कॉटखालची पिशवी ओढून कपडे परत कपाटात ठेवत होती. रडली असती तर बरं झालं असतं. प्रत्येक कपड्याला मानेमागे पांढरी फीत शिवलेली होती. शिबिराच्या सूचनांत तसं होतं. टाके हे एवढाले, वाकडे. फितीवर पेननं तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव. शाळेच्या वह्यांवर ती बापाचं नाव कधीच लिहीत नसे.

“हे कधी केलंस? मला न सांगता?”

“तू तरी कुठं सांगितलंस? पत्र मशीनच्या खणात होतं.” तिनं एक फ्रॉक घडी करून ठेवला. “मी जहाजाचं सगळं नीट सांगते, आई. परवा कप्तानाचं मांजरसुद्धा सांगितलं. पण आता माझी बंदरं संपली. तिथं सगळ्यांचंच कुणी ना कुणी आत असतं. आठवडाभर काही सांगावं लागलं नसतं, एवढंच.”

टाचणीनं पायांत चपला सरकवल्या आणि धावत सुटली.

मावशी बसथांब्यावर होत्या. तिला पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. शिबिरवाल्यांची रीतच ती. रस्त्यात आपण होऊन ओळख दाखवायची नाही.

“माझा नवरा तुरुंगात आहे,” टाचणी म्हणाली. हे वाक्य तिनं मोठ्यानं कधी म्हटलंच नव्हतं. आवाजाचा अंदाज चुकला आणि ते जरा जास्तच मोठ्यानं निघालं. थांब्यावरच्या दोघांनी मोबाइलमधून माना वर केल्या. तिचे कान तापले. “आणि मी खोटं बोलले. वर तुमच्यावर ढकललं.”

“सवय आहे गं मला. चार दारं वाजवली की एक घर चुकतंच माझं. तेवढ्यावर आम्ही नाव कापत नाही. सोमवारी पेट्रोल पंपामागे बस उभी राहील. तिच्यावर पाटी नसते. पोरीला तिथं आणून सोड.”

म्हणजे कुणालाच कळणार नव्हतं. टाचणीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. फितीवरची ती वाकडी अक्षरं डोळ्यांसमोरून हलेनात.

लांबून बस येताना दिसली. “आणखी काही?” मावशींनी विचारलं.

“उद्या नऊ वाजता शाळेतल्या बाई ड्रेस न्यायला येतील,” टाचणी म्हणाली. “तेव्हा परत एकदा आमचं दार वाजवाल का?”