सनमायकाखालचा प्लाय

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं. आता सत्तरी उलटली. पुरं लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरुळचा एक फ्लॅट. ओट्याखालचं नवं कपाट पाण्याने फुगलेलं, पापुद्रे सुटलेले. समोर घराच्या मालकीण, रायगडकडच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना आपा म्हणायचे. शेजारी माझा साहेब, इंटिरियर डिझायनर. मी त्याचा सुपरवायझर.

साहेबाने मालाची पावती पुढे धरली. "मॅडम, सही बघा कुणाची आहे. माल ह्याने बदलला. हमालाचा पोरगा. अशांना खुर्ची दिली की हेच होतं." मग माझ्याकडे वळून, "बघतोस काय? हात जोड. माफी माग."

मी हात जोडले. "चुकलं, आपा." सुतारांनी माना फिरवल्या.

माल मी बदलला नव्हता. करारात वॉटरप्रूफ प्लाय होता, पैसेही त्याचेच घेतले होते. साइटवर आला साधा. मी विचारलं, तर साहेब म्हणाला, "टेन्शन कशाला घेतोस? वर सनमायका चढली की कोण बघतंय?"

सनमायका चिकटवण्याआधी गिऱ्हाइकाला उघडा प्लाय दाखवायची आमच्यात रीत. त्यावरचा वॉटरप्रूफचा शिक्का दाखवायचा, मग पुढचा हप्ता. साहेबाने शिक्क्याचा चांगला प्लाय थोडासा, फक्त दर्शनी बाजूला लावून घेतला. दाखवायचं काम माझं.

आपांनी शिक्क्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "मला ह्यातलं काय कळणार, भाऊ? तुम्ही सांगा. लिहिलंय तसंच आहे ना?"

मी मान डोलावली.

पावतीवर सही करायचा मान साहेबाने मला दिला होता. माझे वडील साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात पोती वाहायचे, जन्मभर अंगठा उठवायचे. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आमचं पोरगं सही करतंय, तवा माल उतरतोय." मला वाटायचं, साहेबाने विश्वास टाकला. त्या ओट्यासमोर कळलं. सापडलो तर चोर कोण, हे त्याने पहिल्याच सहीला ठरवून ठेवलं होतं.

जिन्यात त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "मनावर घेऊ नको रे. धंद्यात चालतं. उद्यापासून सीवूड्सची साइट बघ. ही पावती, हे पेन. सही कर."

"आधी तुमची सही, सर. मग माझी."

"डोकं फिरलं काय? हमाली करशील!"

"करीन."

त्याचं पेन त्याच्याच खिशात खोचलं आणि जिना उतरलो. खरं तर चढायला हवा होता. वर आपा होत्या. त्यांनी ते कपाट त्याच साहेबाकडून पुन्हा करून घेतलं, पुन्हा पैसे मोजून. त्यांच्या लेखी चोर तर मी होतो.

पुढे एकदा गेलो त्यांच्या दारी. त्यांनी ओळखलं, आत घेतलं. "झालं गेलं, भाऊ. पोटासाठी माणूस करतो," म्हणाल्या. न केलेल्या चोरीची माफी मला पाण्याच्या ग्लासाबरोबर मिळाली. मी पाणी प्यालो आणि उठलो.

आता आपा नाहीत. चोरीचा डाग मी आज परत करतोय. साहेबाचा आहे, त्याने वागवावा. मान डोलावली ती मात्र माझी. ती मी कुणाच्या माथी मारणार नाही, गरिबीच्याही नाही.

त्या घरात एवढंच म्हणायचं होतं: आपा, प्लाय साधा होता, मला माहीत होतं, आणि तुम्ही मला विचारलं होतंत.