ओल्या फडक्यातली गाठ

"कोणाचा डबा हाये हा? सारं पाणी गळून राह्यलं!"

कंडक्टर ओरडत आला तेव्हा आमची एसटी कळंब सोडून नागपूरच्या दिशेनं लागली होती. डबा माझ्या मांडीवर होता. मी म्हणालो, "माझा हाये. माझ्या पोटातला कॅन्सर हाये त्यात."

पुढचे तीन बाक रिकामे झाले. एक नवरदेव तर चालत्या गाडीतून उतरायला निघाला होता, असं मी आजही सांगतो. शेजारी माझी मोठी बहीण बसली होती. तिला आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो. ती कंडक्टरला म्हणाली, "त्याच्या नादी नका लागू भाऊ. मेण हाये त्यात."

खोटं दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं.

मी बाभुळगावचा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, माइकवरून जोड्या पुकारतो. जोडी रमतगमत आली तरी लोकांना विमान दिसलं पाहिजे, हा माझा धंदा. कापसानं जिल्ह्याला आडवं केलं त्या वर्षांची ही गोष्ट. पटावर जोड्या कमी झाल्या होत्या आणि माणसं बारीक. मीही बारीक झालो. एरवी कोणी हटकलं असतं, पण तेव्हा गावात जाड होतं कोण? शौचातून रक्त जायचं. मी मूळव्याध म्हणून ताक पीत राहिलो. तुम्ही असं करू नका. ताकाला बिचाऱ्याला काही कळत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली. म्हणजे बारीक कॅमेऱ्याची नळी खालून आत घालून मोठं आतडं पाहतात. मग म्हणाले, "मूळव्याध नाही. गाठ आहे, आणि ती चांगली नाही." ऑपरेशन झालं. सर्जनच्या मते गाठ लिंबाएवढी होती. बाभुळगावला पोचेपर्यंत मी तिचं खरबूज केलं.

गाठीचा तुकडा मेणात बसवून देतात, त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. सर्जन म्हणाले, "इतक्या कमी वयात हा आजार सहसा दिसत नाही. गाठीतली प्रथिनं नागपूरला तपासून घ्या." दिवस मे महिन्याचे. मेण वितळलं तर तपासायचं काय? म्हणून मी ब्लॉक डब्यात घातला, डब्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि वाटेत प्रत्येक स्टँडवर त्यावर पाणी शिंपडलं.

नागपूरच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी डबा उघडला आणि त्या हसल्या. "या उन्हात तुम्ही आधी वितळाल. ब्लॉकला काही होत नाही."

प्रथिन म्हणजे तुरीचं वरण, एवढंच मला ठाऊक. ते गाठीत कसं गेलं? मी विचारत सुटलो, त्याही सांगत बसल्या. शरीरात हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पेशीची दुसरी पेशी होताना आतला सगळा मजकूर उतरवला जातो. उतरवताना चुका होतात. काही प्रथिनं त्या चुका शोधून दुरुस्त करतात. ती हजर आहेत का, हे रंग लावून पाहायचं. या तपासणीचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. हे नाव माइकवर एका दमात घेणारा जिल्ह्यात मी एकटाच, अशी माझी समजूत आहे.

आठवड्याभरानं पुन्हा गेलो. बाई सोबत होतीच. डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. निळ्या ठिपक्यांची गर्दी, मधूनमधून तपकिरी ठिपके. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग धरतो. तपकिरी होत्या त्या माझ्या चांगल्या पेशी. गाठीच्या पेशी नुसत्या निळ्या. स्वतःच्या पोटाचं असं दर्शन कोणाला मिळतं? मी तिथून हलेना.

डॉक्टर म्हणाल्या, "दुरुस्तीची दोन प्रथिनं गाठीत नाहीत. हा दोष घराण्यातून आला असू शकतो. तुमचं रक्त तपासू. भावंडांनीही आतडं तपासून घ्यायला हवं."

भावंडं म्हणजे आम्ही दोघंच. मी बाईकडे वळून म्हणालो, "बाई, तुले बी तपासा लागते."

ती म्हणाली, "मले काई नाई झालं. याचं नका ऐकू मॅडम. लहानपणापासून हा असाच. धामण पाह्यली त अजगर सांगते."

आता काय करायचं? जन्मात एकदा मी जसं आहे तसं सांगत होतो आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं. शपथ घ्यावी तर शपथाही मी वाटेल तिथे खर्चून टाकलेल्या.

डॉक्टर खुर्चीवरून उठून बाईला म्हणाल्या, "यांचं राहू द्या, मी दाखवते. बसा, स्वतः बघा."

बाई बसली. तिनं बराच वेळ पाहिलं. आमचे बाबा चाळिशीत पोटाच्या दुखण्यानं गेले. मी तेव्हा रांगत होतो. त्यांचे कपडे बाई धूत असे. डोळा न काढता तिनं विचारलं, "बाबाले बी रक्त जाये. त्याईले हेच असन का?"

"आता नक्की सांगता येणार नाही. पण असू शकतं."

परतीच्या एसटीत कळंब आलं तेव्हा बाई म्हणाली, "कई जायचं थ्या नळीच्या तपासणीले?"

माझ्या रक्तात तोच दोष निघाला. बाईच्याही. तिच्या आतड्यात एक पॉलिप सापडला, म्हणजे आतल्या अस्तरावरचा कोंब. त्याचा कॅन्सर व्हायचा होता, झाला नव्हता. नळीतूनच तो काढला. आता ठरल्या वेळी आम्ही दोघं नळीला हजेरी लावतो. नागपूरच्या त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी बाईला खुर्ची दिली.

त्या हिवाळ्यात पट भरला. जोड्या सुटायच्या आधी मी माइकवर सांगितलं, की रक्त गेलं तर ताक पीत बसू नका, आणि घरात एकाला झालं तर बाकीच्यांनीही तपासा. ऐकतं कोण? म्हणून आवाज चढवला आणि सांगितलं की सख्ख्या बहिणीच्या पोटातून नारळाएवढा कोंब निघाला, दोन डॉक्टरांनी उचलून ठेवला.

बायकांची सारी बाजू बाईकडे वळली. शेजारणीनं विचारलं, "खरंच व बाई? नारळाएवढा?"

बाई म्हणाली, "चण्याएवढा होता. पण होता."