बोहनी होईपर्यंत थांबा!

चार बायका दिवसभर एका काउंटरवर उभ्या असल्या की साड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या जळगावच्या कापड दुकानात तर किस्स्यांसाठी वेगळं गोडाऊन लागेल! हे सगळे मात्र एकाच विषयावरचे आहेत. विषय जरा ओला आहे. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्या.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते.

सकाळी घरून निघाले की संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, ही माझी आयडिया. पाणी नाही, म्हणजे बाथरूमची भानगड नाही. नव्या मुलींना तर मी याचं ट्रेनिंग द्यायचे. "उंटाला जमतं, मग आपल्याला का नाही?"

जळगावच्या उन्हात हे सांगत होते मी! आणि पोरी माना डोलवत होत्या.

मग ऐन पौषात, स्वेटर घालून बसलेली असताना, मला उन्हाळी लागली. लघवीला गेलं की अशी आग, की दाराच्या मागे उभी राहून मी सगळ्या कुलदैवतांची नावं घेतली. एकदा जाऊन आलं की परत जावंसं वाटायचं, आणि गेलं की चार थेंब!

उंटीण बसली खाली.

*

आमच्या काउंटरची वैद्य म्हणजे मेहरूणची रेखा. तिला नुसतं "गं, जरा…" म्हटलं तरी औषध तयार.

"धने-जिरे रात्री भिजवायचे, सकाळी गाळून प्यायचं. बार्लीचं पाणी. नारळपाणी. ताक. गोखरूचा काढा."

"यातलं कोणतं घेऊ?"

"तुला सोसेल ते."

मला सगळंच सोसेल असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी धुळ्याला बहिणीकडे बारसं होतं. डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता, पण सगळं पिऊन बसमध्ये बसायला होता!

एरंडोल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. नंतर काहीच दिसेना. शेवटी उठून ड्रायव्हरकडे गेले.

"भाऊ, गाडी थांबवा."

"ताई, पुढे स्टँडवर थांबेलच ना."

"भाऊ, आत्ता थांबवली तर रस्त्यावर होईल. नाहीतर गाडीत!"

त्याने असा ब्रेक मारला! शरमेने मान खाली घालून मी ढाब्याकडे पळाले. मागे वळून बघते तर गाडीतल्या निम्म्या बायका रांगेत उभ्या. एकजण म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही बोललात. मी जळगावपासून धरून ठेवलीये."

*

धुळ्याहून परतले ती थंडी-ताप घेऊनच. मग गेले डॉक्टर मॅडमकडे. लघवी तपासली, गोळ्या दिल्या.

"बरं वाटलं तरी मध्येच बंद करायच्या नाहीत. पूर्ण कोर्स घ्यायचा."

"मॅडम, आणि धन्याचं पाणी?"

"प्या की. ताक प्या, नारळपाणी प्या. त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जाईल. पण इन्फेक्शन झाल्यावर त्याच्या भरवशावर बसू नका. ताप आला, पाठ दुखली की सरळ इकडे यायचं. आणि धरून ठेवायचं नाही. दोन-तीन तासांनी जायचंच."

"बोहनी झाल्याशिवाय नाही जाता येत, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोणाची बोहनी?"

"दुकानाची."

"आणि ब्लॅडर कोणाचं?"

मी म्हटलं, "माझंच." पण खरं सांगते, उत्तर द्यायला एक क्षण लागला!

*

आता ही बोहनी काय भानगड आहे, ते सांगते.

आमचे शेठजी बहुतेक वेळ सुरतेला. दुकान मॅनेजर नानांच्या ताब्यात. नाना माणूस वाईट नाही. पण पहिली विक्री व्हायच्या आत काउंटरवरची बाई बाथरूमला गेली तर दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मागच्या बाथरूमला कुलूप, आणि चावी नानांच्या शर्टाच्या खिशात. बोहनी झाली की मागायची. पौषात लग्नं नसतात, तेव्हा जेवायची वेळ झाली तरी बोहनी नाही!

पुरुषांचं काय? ते खुशाल मागच्या बोळात जाऊन येतात. मी एकदा विचारलंच, "नाना, त्यांच्याने लक्ष्मी जात नाही?"

नाना म्हणाले, "ते दुकानाच्या बाहेर जातात ना."

झालं! म्हणजे लक्ष्मीला फक्त आतलं दिसतं.

*

हे असंच चालू राहिलं असतं, पण उज्ज्वलाचं झालं.

उज्ज्वला आमच्यात सगळ्यात लहान. लग्नाला वर्ष झालेलं, तिसरा महिना चालू. तिलाही तेच दुखणं लागलं. रेखा लगेच म्हणाली, "गोखरू उकळून देते." या वेळी मात्र मी मध्ये पडले. "पोटुशी आहे ती! काढा नको, आधी मॅडम!"

मॅडमनी तिला झेपतील अशा गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुन्हा पुन्हा होऊ देऊ नको. किडनीला त्रास, बाळाला त्रास."

घरी सासूबाई म्हणाल्या, "नोकरी सोड."

उज्ज्वला दुसऱ्या दिवशी साड्यांच्या घड्या घालता घालता रडत होती. "ताई, या नोकरीवर माझं बी.ए. चाललंय. शेवटचं वर्ष आहे हो. एका कुलपापायी सोडू?"

"नाही सोडायची," मी म्हटलं. उंटीण म्हणाली, बरं का!

*

पहिली लढाई आम्ही डोक्याने लढलो. दुकान उघडल्या उघडल्या रेखा काउंटरच्या बाहेर गेली, गिऱ्हाईकासारखी आत आली आणि म्हणाली, "एक हातरुमाल द्या."

मी दिला. पावती फाडली. "नाना, बोहनी झाली! चावी!"

आठवडाभर मजेत गेला. आळीपाळीने रुमाल घ्यायचो. माझ्या नवऱ्याला वाटलं, ऑफिसात रुमाल हरवून येणारा तो एकटाच नाही.

मग नानांनी जाहीर केलं, "स्टाफची खरेदी बोहनीत धरायची नाही."

"का, नाना? आमच्या पैशात लक्ष्मी नसते का?"

"मंगल, फार बोलायला लागलीस तू."

"पाणी प्यायला लागले ना, त्याने घसा मोकळा झालाय!"

त्या दिवसापासून आम्ही पाण्याच्या बाटल्या काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर मांडल्या. नाना बघायचे, आम्ही त्यांच्याकडे बघत घोट घ्यायचो.

*

माघ लागला. एका सकाळी दुकान उघडताच सोनगीरचं एक कुटुंब लग्नाच्या बस्त्याला आलं. पंधराएक माणसं, आणि मध्ये गादीवर मांडी घालून नवऱ्या मुलाची आजी. सगळे तिला अक्का म्हणत होते. नाना स्वतः उठून चहा सांगायला धावले. एवढा मोठा बस्ता, आणि तोही बोहनीला!

साड्यांचा ढीग पडला. अक्कांनी एक शालू हातात घेतला. नानांनी श्वास रोखला.

तेवढ्यात उज्ज्वला उठली. चेहरा पांढरा, पण आवाज खणखणीत.

"नाना, मला लघवीला जायचंय. चावी द्या."

असा शब्द त्या दुकानात कोणी मोठ्याने म्हटला नव्हता. नवऱ्या मुलाचे काका छताचा पंखा बघायला लागले.

नाना दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, दम धर. बोहनी होऊ दे."

अक्कांनी शालू खाली ठेवला. "काय व्हयनं?"

मग मीच बोलले, सगळं, एका दमात. बोहनी, कुलूप, चावी, आणि ही तीन महिन्यांची पोटुशी.

अक्कांनी नानांकडे पाहिलं. "बोहनी मन्हा हातनी शे ना?"

"हो अक्का, तुमच्याच हातची."

"मंग आधी तिले जाईसन येवू दे. तवलोंग मी फडकं बी लेत नही."

नानांचा हात खिशाकडे गेला. चावी बाहेर आली. उज्ज्वला गेली. तिच्यामागे रेखा गेली. मग अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घरच्या बायकांना म्हणाल्या, "बठ्ठ्या मजारमा चाला वं." सगळ्या आत गेल्या.

गादीवर फक्त पुरुष उरले, मांडीवर शालू घेऊन.

अक्का परत आल्या तेव्हा मी हवेत होते. उज्ज्वलाने आणून दिलेलं कुलूप नानांनी चावीसकट गल्ल्यात टाकलं होतं आणि बस्त्याच्या नादात ते परत लावायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मी अक्कांना हात धरून बसवलं. डोळे भरून आले होते माझे.

"अक्का, इतक्या वर्षांत आम्हाला जे जमलं नाही, ते तुम्ही एका मिनिटात केलंत! आता आमच्या बाथरूमला काही म्हणून कमी नाही!"

अक्कांनी पदर सारखा केला, शालू पुन्हा पुढे ओढला आणि त्याचा काठ बघत म्हणाल्या,

"दारले मजारमा कडी नही शे, माय."