नळीच्या तळाचा पांढरा गाळ

अनघाताई, लेख फार उशिरा धाडतो आहे, माफी असावी. चांदोरकरबाईंच्या गौरवग्रंथाच्या संपादक म्हणून तुम्ही तीनदा निरोप पाठवलात. दरवेळी लिहायला बसलो आणि एका गोष्टीपाशी हात थांबला.

डॉ. सुमेधाबाई चांदोरकर ग्वाल्हेरच्या आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या तेव्हा मी तिथे परिचर होतो. काचसामान धुणे आणि डिस्टिल्ड वॉटर काढणे ही माझी कामे. सगळे 'ए कदम' म्हणत. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, ''कदममामा, इथे चहा पडाव भागातला चांगला की किला गेटजवळचा?'' तेव्हापासून मी सर्वांचा मामा झालो.

बाईंचे काम डीएनए वाढवण्याचे, आणि तुम्ही तेव्हा त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनी. किंचितसा डीएनए नळीत घालून ऊबेत ठेवला की त्याच्या असंख्य प्रती होतात. एका सकाळी तुमच्या नळ्यांच्या तळाशी मला पांढरा गाळ दिसला. आपल्याकडचे पाणी जड, किटलीत असाच क्षार धरतो. वाटले, माझ्या पाण्यातून चुना आला, आता नोकरी गेली. घरात मुलीचे लग्न ठरलेले. कोणी पाहायच्या आत नळ्या कचऱ्यात टाकल्या. तीन दिवस तेच केले. नळ्या हरवता म्हणून बाई तुम्हाला सर्वांसमक्ष बोलल्या. तुम्ही रडलात, मी फरशी पुसत राहिलो.

चौथ्या दिवशी राहवेना. बाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या,

''मामा, शाळा आठवीपर्यंत, पण घाबरण्यात तुम्ही पीएचडी केलीत. पाणी तुमचं शुद्धच आहे.''

मग मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. डीएनए वाढताना जो अंश सुटतो तो मॅग्नेशियमशी जुळून त्याचे खनिजाचे कण बनतात आणि नव्या प्रती त्यांतच गुंतून राहतात, असे समजावले. मी पाहिले. शेवंतीसारख्या पाकळ्यांचे बारीक गोल कण, आतून हिरवे उजळलेले. तो उजेड रंग दिलेल्या डीएनएचा. ज्याला मी चुना समजून फेकले, त्याच्या पोटात जिवाचा मजकूर होता. उठताना हात आपोआप जोडले गेले.

त्याच दुपारी बाईंनी सर्वांसमोर तुमची माफी मागितली. ''चूक माझी होती,'' एवढेच म्हणाल्या. माझे नाव त्यांनी आजवर घेतलेले नाही.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांची नजर अशीच तेज राहो, गुडघे कुरकुरू नयेत, पुष्कळ वर्षे त्यांनी लोकांना असे काही दाखवत राहावे.

ताई, ते नाव आज मीच घेतले. छापा किंवा वगळा. पण मनात राग धरलात का, तेवढे लवकर कळवा. फोनवर मराठी टाइप करणे जड जात असेल, तर हिंदीत दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.