खिडकीजवळचे काका

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ चाळिशीचे एक काका रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसायचे. ते शिक्षक नव्हते. पण क्लासचे सर शंका विचारली की वैतागायचे, म्हणून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा नव्यानं शिकणारे आम्ही सगळे त्यांच्याकडेच जायचो. प्रोग्राम ते आधी वहीत लिहून आणायला लावायचे. मग एकेका ओळीखाली पेन्सिल फिरवत, पुटपुटत, स्वतःच कॉम्प्युटर व्हायचे. चूक सापडली की तिथं पेन्सिलीनं दोनदा टकटक करायचे.

एकदा स्क्रीनभर लाल अक्षरं बघून मला रडूच कोसळलं.

"रडू नको माय," ते म्हणाले. "कुठल्या ओळीत चुकलं, ते तरी सांगायलंय हे. पुण्यात मी लई मुलाखती दिल्या. सगळे 'कळवतो' म्हणले. कुठं चुकलो, ते आजवर कुणी सांगितलं न्हाई."

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आता पुण्यात मीच मुलाखती घेते. काल आमच्याच जिल्ह्यातल्या देवणीची एक मुलगी सोप्या प्रश्नावर अडखळली. तिचं कुठं चुकलं, ते मला स्वच्छ दिसत होतं. पेन्सिलही हातात होती. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही कळवतो."